सुगडांची भरपाई

रणगाडा हा शब्द मी वर्तमानपत्रात वाचला होता. प्रत्यक्ष रणगाडा पाहिला तो कुंभारमामीच्या अंगणात.

लढाई चालू होती. मी नगरच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत, बोर्डिंगमध्ये राहून मॅट्रिकचा अभ्यास करत होते आणि नाताळच्या सुट्टीला घरी आले होते. आमचं गाव नगरहून तिसगावकडं जाणाऱ्या वाटेवरचं. नगरच्या छावणीतल्या पलटणी सरावासाठी कुठंकुठं फिरायच्या, तशा त्या वर्षी आमच्या शिवारातही येऊ लागल्या होत्या. लांबून घरघर ऐकू आली की सगळं गाव रस्त्यावर धावायचं. माझे वडील वस्तीवरच्या मिशन शाळेचे मास्तर. तेसुद्धा हातातला खडू ठेवून दारात यायचे.

त्या दिवशी मी विहिरीवर होते. घरघर नेहमीपेक्षा जवळून आली, मग एक मोठा कडकडाट झाला आणि त्याच्यामागोमाग मामीची किंकाळी. घागर तिथंच टाकून मी पळाले.

कुंभाराचं घर ओढ्याच्या वळणावर होतं. समोरून बैलगाडी आली म्हणून तिला वाचवायला रणगाडा रस्ता सोडून बाजूला वळला होता आणि थेट अंगणात शिरला होता. संक्रांत तोंडावर आली होती. मामा-मामींनी अख्ख्या गावाची सुगडं करून अंगणात वाळत घातली होती, अर्धी तर भाजायला आव्यात रचूनही झाली होती. त्या सगळ्यावरून तो लोखंडी गाडा गेला होता. आवा दबून सपाट झाला होता. सुगडांची पुन्हा माती झाली होती. माणसं मात्र सगळी बचावली होती. मामा आपल्या चाकाजवळ उभे होते, हाताला ओली माती तशीच. मामी मधोमध उभी राहून त्या गाड्याशी भांडत होती.

"उतर खाली! उतर म्हनते ना! लई मोठा लोखंडाचा झालास व्हय रं?"

वरचं झाकण उघडलं आणि आतून एक गोरा साहेब बाहेर आला. वयानं अगदी कोवळा. मिसरूड नीट फुटलेलं नव्हतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि तो काहीतरी पुटपुटत राहिला. मामीचं बोलणं त्याला कळत नव्हतं, त्याचं मामीला. शेवटी तो हातानं 'उद्या, उद्या' अशी खूण करून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरंच आला. जीप घेऊन, बरोबर एक धिप्पाड शीख हवालदार घेऊन. सारं गाव कुंभाराच्या दारात जमलं. पुढचा भाग मी नंतर ऐकला तो असा. साहेबानं खिशातून नोटा काढल्या, एक छापील पावती काढली आणि हवालदाराला काहीतरी सांगितलं. हवालदार मामीला म्हणाला, "माई, साहब बख्शीश दे रहे हैं. ले लो. यहाँ अंगूठा लगाओ."

बक्षीस हा शब्द मामीला बरोबर कळला. तिनं नोटा त्याच्या हातून घेतल्या आणि जीपच्या बॉनेटवर नेऊन ठेवल्या.

"बक्षीस? मी काय ह्याच्या म्होरं नाचले का ह्याचं घोडं धरलं? माजा संसार मोडला आन वर बक्षीस देतोय!"

पाटील मध्ये पडले. "अगं, दंड समज. त्याला दंड झाला असं समज आन घे."

"पाटील, दंड सरकारात जातो. दंडाचा पैसा माज्या हातात कवा पडलाय?"

लोक हसले. साहेबाला वाटलं, आपल्यालाच हसले. तो आणखी लाल झाला. मग पाटलांनीच हाक दिली, "मास्तराच्या पोरीला आना रं कुनी. ती नगरात इंग्रजी शिकती."

मला बोलावणं आलं तेव्हा मी चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. आईनं परात माझ्या पुढ्यातून ओढून घेतली. "जा. हात धू आधी." वडिलांनी कोट चढवला. रविवारच्या उपासनेखेरीज तो कोट कधी खुंटीवरून उतरत नसे. आम्ही दोघं निघालो तेव्हा घाईत माझ्या चपला घालायच्या राहिल्याच. शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या मिसबाई सावकाश, एकेक शब्द तोडून बोलत. खराखुरा साहेब माझ्याशी आजवर कधी बोलला नव्हता.

इथं एक सांगायला हवं. मामीच्या अंगणात मी त्याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. आमची ख्रिस्ती वस्ती गावाच्या कडेला. आमच्या आज्यापर्यंतची माणसं गावकीची कामं करायची आणि संध्याकाळी दारोदार जाऊन भाकरी मागून आणायची. धर्म बदलला तरी गावानं आम्हाला ओळखायचं सोडलं नव्हतं. मामी वस्तीवर मडकी आणायची ती जमिनीवर ठेवायची. आम्ही ती उचलायची आणि पैसे जमिनीवर ठेवायचे. त्यामुळं मी आदल्या दिवसासारखीच अंगणाबाहेरच्या कडुनिंबापाशी थांबले. पाटील म्हणाले, "अगं, म्होरं ये की." मी मामीकडं पाहिलं. तिनं अडवलं नाही. मी पुढं गेले.

साहेबानं विचारलं, मला इंग्रजी येतं का. "येस सर," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मग तो भरभर बोलू लागला. निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं, पण एक शब्द तो परत परत म्हणत होता आणि पावतीवरही तोच छापला होता. कॉम्पेन्सेशन. हा शब्द मला येत होता! आमच्या शाळेतल्या जाड कोशात मी तो पाहिला होता आणि त्याच्यापुढचा मराठी शब्दही मला आठवत होता.

"मामी, साहेब बक्षीस देत नाहीत. ते मोबदला देतायत," मी मोठ्यानं म्हणाले.

मामीनं पदर खोचला. "मोबदला म्हंजे बदल्यात दिल्यालं. व्हय ना? त्यानं माजी सुगडं घरी न्हेली असती, बायकूला दिली असती, तर मी मोबदला घेतला असता. त्यानं न्हेलं काय? निस्ता चिखल केला."

ते मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत साहेबाला सांगितलं. तुम्ही काही नेलं नाही, मग बदल्यात काय देता, असं ती विचारते आहे. साहेबानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, मग ही सुगडांची किंमत आहे असं सांग.

"किंमत?" मामी कडाडली. "मी काय बाजारात मांडून बसले हुते? ह्या गावाला आमी सुगडं इकत न्हाई, पोरी. संक्रांतीला घरोघर न्हेऊन देतो. त्यांच्या खळ्यावर दानं झालं की ते आमचं बलुतं देत्यात. माज्या सासऱ्यापासनं चालत आलंय. किंमत घेतली तर उद्या गाव म्हनंल, हिनं सुगडं साहेबाला इकली, आता हिचं बलुतं कशापायी?"

बलुतं. आमच्या घरात हा शब्द कोणी उच्चारत नसे. वडिलांना पहिला पगार झाला तेव्हा त्यांनी आज्याला सांगितलं होतं की आजपासून ह्या घरातलं कोणी गावात भाकरीला जाणार नाही. त्यांना बलुतं म्हणजे दारातून वाढलेली शिळी भाकरी. आणि इथं मामी तोच शब्द मान ताठ करून म्हणत होती. मी हळूच वडिलांकडं पाहिलं. मला वाटलं, ते तोंड फिरवतील. पण ते मामीकडं एकटक बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बक्षीस परत करणारं माणूस त्यांना आवडलं असावं.

"भरपाई म्हण," ते मला म्हणाले. "नुकसानभरपाई. कोर्टात तोच शब्द वापरतात."

"मामी," मी म्हणाले, "साहेब भरपाई देतायत."

मामी चाकाच्या कडेला टेकली आणि तिनं नवऱ्याकडं पाहिलं. मामा फार कमी बोलणारे. त्यांनी मान हलवली.

"भरपाई," मामी म्हणाली. "म्हंजे जेवढं रिकामं केलं तेवढं भरून द्यायचं?"

"हो."

"मग दे म्हनावं भरून! नोटा नगं. नोटांची सुगडं व्हत न्हाईत. संक्रांत आली. मला माती पायजे, ओढ्याच्या वरच्या अंगाची. लीद पायजे. आव्याला जळान पायजे. आन माती तुडवायला मान्सं पायजेत. ही एवढाली धटिंगणं रानोमाळ हिंडत्यात, त्यांना लाव म्हनावं कामाला."

लोकांत एकदम गलका झाला. मी साहेबाकडं वळले. माती सांगितली, जळण सांगितलं, माणसं सांगितली. लिदीपाशी माझी गाडी अडली. सुगडाच्या मातीत घोड्याची लीद मळावी लागते, त्याशिवाय मडकं भाजताना तडकतं, हे मला ठाऊक होतं. पण लिदीला इंग्रजीत काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी गोऱ्या साहेबापुढं तो शब्द उच्चारायची माझी हिंमत झाली नसती. मी म्हणाले, घोड्यापासून मिळणारी वस्तू. साहेब म्हणाला, केस? मी म्हणाले, नाही. नाल? नाही, नाही. कातडं? मी रडकुंडीला आले. शेवटी मी म्हणाले, "सर, घोडा जेवतो. आणि नंतर."

साहेब माझ्याकडं बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो असा काही हसला की जीपला टेकूनच उभा राहिला. हवालदाराला कळलं, तोही दाढीतल्या दाढीत हसू लागला. वडील माझे, एरवी वर्गात कोणी खोकलं तरी दटावणारे, तेही तोंडावर हात धरून हसत होते. मामी म्हणाली, "हसताय कशाला? देतो का न्हाई ते सांगा."

"ती वस्तू आमच्याकडं पुष्कळ आहे," साहेब म्हणाला. "आमच्या छावणीतल्या खेचरांची चालेल का, विचार."

मी विचारलं. मामा तेव्हा पहिल्यांदा बोलले. "चालंल. वाळलेली आना."

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. मला अजून ते दृश्य आठवलं की उठून धावत सुटावंसं वाटतं. पुढं जीप, मागं ट्रक, ट्रकात जवान, पोती, सरपण, फावडी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पोरं धावत होती. ट्रक अंगणात थांबला तसे जवान उड्या मारून उतरले, बूट काढून ओळीनं ठेवले, विजारी गुडघ्याच्या वर दुमडल्या. मामीनं त्यांच्या पायांकडं नीट पाहून घेतलं आणि ओढ्याकडं बोट केलं. "आधी धुवा म्हनावं." मी सांगितलं. सगळे निमूट धुऊन आले.

मग तुडवणी सुरू झाली. माती ओतली, पाणी शिंपलं, लीद चाळून घातली, आणि ती दांडगी माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोलगोल फिरू लागली. त्यांच्यातल्या एकानं त्यांच्या मुलखातलं गाणं धरलं, बाकीच्यांनी ओढून घेतलं. पाय एका ठेक्यात पडू लागले. आमच्या गावच्या बायका आधी पदर तोंडाला लावून बघत होत्या, मग टाळ्या वाजवायला लागल्या. साहेब थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि मग त्यानंही बूट काढले. त्याच्या पांढऱ्या पोटऱ्या बघून पोरांनी आरोळी ठोकली. मामी मातीच्या कडेनं फिरत होती, मध्येच वाकून चिमूटभर माती बोटांत चोळत होती. "खडा हाय! थांबवा! हितं खडा हाय!" मी ओरडायची, "सर, स्टॉप! देअर इज अ स्टोन!" आणि सगळी पलटण एका पायावर थांबायची.

मामांनी चाक फिरवलं. मातीचा गोळा मधोमध चढवला, आणि बघता बघता त्यातून एक सुगड वर आलं, दोऱ्यानं कापून खाली आलं, दुसरं वर आलं. साहेब गुडघ्यावर बसून बघत राहिला. त्याला करून बघायचं होतं. मामांनी त्याच्यासाठी गोळा ठेवला, पण त्याच्या हाताखाली तो वाकडा झाला आणि उडून हवालदाराच्या पगडीवर बसला. हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या.

ऊन चांगलं पडत होतं. सुगडं वाळायला वेळ लागला नाही. माझी शाळा सुरू झाली होती, पण वडिलांनी मला ठेवून घेतलं. रोज सकाळी मी मामीकडं जाई. आधी नुसती भाषांतराला, मग सुगडं उलटीपालटी करायला, मग आवा रचायला. मामीनं मला ये म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. एका दुपारी तिनं सगळ्यांना गूळ-पाणी दिलं. माझ्यापाशी आल्यावर ती थोडी थांबली. मग तांब्या तिनं माझ्या हातातच दिला. मी पाणी प्यायले. गूळ होता की नव्हता, मला चवच कळली नाही.

आवा पेटला, निवला. उघडायच्या सकाळी सगळं गाव हजर. मामांनी राख बाजूला केली, पहिलं सुगड काढलं, बोटानं टिचकी मारली. खणखणीत वाजलं. मामीनं डोळे मिटून घेतले. दुसरं, तिसरं, लालभडक सुगडं एकामागोमाग राखेतून निघू लागली आणि बायका हात पुढं करून ती झेलू लागल्या. क्वचित एखादं तडकलेलं निघे, तेव्हा सगळे मिळून 'अरेरे' म्हणत.

साहेबानं पुन्हा पावती काढली. भरपाई झाली ना, असं त्यानं माझ्याकरवी विचारलं.

"मातीची झाली, लिदीची झाली, जळनाची झाली," मामी म्हणाली. "पर हात आमचेच चालले न्हवं? एकाच सुगडासाटी दोन येळा. त्या दुसऱ्या येळंचा रोज दे म्हनावं, आमा दोघांचा. मजूर लावला असता तर त्याला दिला असता, तेवढाच."

साहेबानं लगेच नोटा काढल्या. मामीनं रोजाच्या तेवढ्या ठेवून घेतल्या, बाकीच्या परत केल्या आणि पावतीवर अंगठा उठवला. काम करून मिळालेला पैसा तिला कमीपणाचा वाटत नव्हता.

मग साहेब माझ्याकडं वळला आणि त्यानं माझ्यापुढं एक कोरी नोट धरली. मी वडिलांकडं पाहिलं.

"काय म्हणून देतोय, विचार," वडील म्हणाले.

मी विचारलं. साहेबाला आता ह्या प्रश्नाची सवय झाली होती. तो सावधपणे, एकेक शब्द निवडून म्हणाला, "तुम्ही इतके दिवस दुभाष्याचं काम केलंत, मिस. हा त्याचा पगार."

त्यानं वेजिस म्हटलं आणि मी पगार म्हटलं. वडिलांचा चेहरा उजळला. "घे," ते म्हणाले. "दोन्ही हातांनी घे." मी नोट घेतली आणि आम्ही घराकडं निघालो. वस्तीच्या तोंडाशी आलो तसे वडील, रस्त्यात कधी आवाज न चढवणारे माझे वडील, लांबूनच ओरडले, "अगं ए, ऐकलंस का? पोरीला पगार झाला!" आई पिठाच्या हातानं बाहेर आली. शेजारपाजारची सगळी माणसं बाहेर आली. नोट ह्या हातातून त्या हातात फिरली आणि माझ्याकडं परत येईपर्यंत तिला पीठ लागलं होतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मामी पाटी घेऊन वस्तीवर आली. आमच्या दारात उभी राहिली. आम्ही संक्रांत करत नव्हतो, तिला ते माहीत होतं. तरी तिनं पाच सुगडं काढली आणि आईच्या हातात दिली.

वडील घाईनं सदऱ्याच्या खिशात हात घालू लागले. "किती झाले?"

"ऱ्हाऊ द्या, मास्तर."

"असं कसं? आम्ही फुकट घेत नाही."

"फुकट कोन म्हनतंय?" मामी म्हणाली. "तुमच्या पोरीनं सुगडं उलटली, आवा रचला. आव्यात जो राबतो त्याचा आव्यात वाटा असतो. हा तिचा वाटा हाय. वाट्याचं कुनी पैसं देतं व्हय?"

वडिलांचा हात खिशातच राहिला. मग त्यांनी आत जाऊन पाट आणला आणि ओसरीवर मांडला. "बसा," ते म्हणाले. मामी बसली. आईनं चहा ठेवला. मामी तो प्यायली, बशी पालथी घातली आणि पाटी उचलून गावातल्या घरांकडं गेली. त्या सुगडांत आईनं मीठ, हळद आणि मोहरी भरली.

शाळेत मी संक्रांत झाल्यावर गेले, तीही त्या ट्रकमधून. पलटण परत छावणीकडं निघाली होती आणि साहेब म्हणाला, मिसला नगरला सोडतो. वडील बरोबर होते. त्यांनी टोपी वाऱ्यानं उडू नये म्हणून हातानं धरून ठेवली होती, आणि मी ड्रायव्हरच्या शेजारी बसून येणारी-जाणारी प्रत्येक बैलगाडी त्याला ओरडून दाखवत होते. बोर्डिंगच्या फाटकाशी ट्रक थांबला. व्हरांड्यात मिसबाई उभ्याच होत्या. उशीर का झाला, त्यांनी कडक आवाजात विचारलं.

"मिस, मी नोकरीवर होते," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी सगळ्या वर्गानं मला मधोमध बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लावलं. लिदीपाशी आले तेव्हा मुलींनी इतका गोंधळ घातला की मिसबाई पुन्हा आल्या. त्याही दारात थांबून ऐकू लागल्या, आणि मग त्यांनीच मला लिदीचा इंग्रजी शब्द सांगितला.

साहेबाची पलटण पुढं कुठंतरी लांब लढाईवर गेली, एवढंच कळलं. मी मॅट्रिक झाले, मास्तरीण झाले आणि पहिली नेमणूक मिळाली ती श्रीरामपूरला. त्या दुभाषेपणाच्या नोटेचं मी एक फाउंटन पेन घेतलं होतं. आणि दर संक्रांतीला, मी कुठंही असले तरी, मामी पाच सुगडं आईकडं देऊन जायची, "पोरीचा वाटा" म्हणून.